कामाच्या ठिकाणी विनोद करावा, पण कोणावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही स्वभावाने गमत्ये. ज्या टीममध्ये इतकी वर्षं एकमेकांच्या फिरक्या घेतल्या, त्याच टीमचे तुम्ही नुकतेच लीड झालात. परवा सकाळच्या मीटिंगला एक सहकारी उशिरा आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "या साहेब, उद्यापासून मीटिंग तुमच्या सोयीने ठेवू." सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर मात्र तो तुमच्याशी कामापुरतंच बोलतोय. पूर्वी याहून तिखट बोललात तरी त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. म्हणून तुम्ही विचारताय, की लीड झाल्यावर विनोद करणं सोडूनच द्यायचं का? शिवाय दुसरा प्रश्न: तुमचे वरिष्ठ क्लायंटसमोर तुमच्या बोलण्याच्या ढबीची नक्कल करतात, त्याचं काय करायचं?

विनोद सोडू नका. मी मनुष्यबळ विभागात मोठा काळ काढला आहे. टीममधले तंटे सोडवणं आणि नव्या लीडना तयार करणं हे माझं रोजचं काम. हसणं बंद पडलेल्या टीम मी जवळून पाहिल्या आहेत. तिथे लोक फक्त विचारलं तेवढंच सांगतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. तसं व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. पण तुमचा विनोद आता पूर्वीचा राहिलेला नाही, हे आधी समजून घ्या.

वाक्य तेच होतं, माणूसही तोच होता. बदललं ते तुमचं पद. पूर्वी तुम्ही त्याला चिडवलंत की तो तुमची एखादी जुनी फजिती काढायचा आणि फिटंफाट व्हायची. आता त्याचं मूल्यमापन तुम्ही लिहिणार, त्याची रजा तुम्ही मंजूर करणार, चांगलं काम कोणाच्या वाट्याला जाणार हे तुम्ही ठरवणार. परत बोलण्याआधी त्याला हे सगळं आठवतं, आणि तो नुसता हसून गप्प बसतो. म्हणून मी नव्या लीडना एकच कसोटी सांगते. ज्याच्यावर तुम्ही विनोद केलात, तो त्याच लोकांसमोर, तितक्याच तिखट शब्दांत, निर्धास्तपणे तुम्हाला परत बोलू शकतो का? बोलू शकत असेल तर ती थट्टा दोघांची आहे. नसेल, तर तो विनोद गिळून टाका, कितीही चांगला सुचलेला असला तरी.

ही कसोटी हवेतली नाही. रोझ कोझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या बैठकांमध्ये कोण कोणावर विनोद करतं याची नोंद ठेवली आणि तो अभ्यास 1960 साली प्रसिद्ध केला. विनोद करण्यात वरिष्ठ डॉक्टर पुढे होते, आणि विनोदाचं लक्ष्य त्या खोलीत हजर असेल, तर ते विनोद करणाऱ्यापेक्षा वरच्या अधिकाराचं कधीच नव्हतं. थट्टा पायरी-पायरीने खाली उतरत होती. कनिष्ठांना विनोद सुचत नव्हते असं समजायचं कारण नाही, वरिष्ठ समोर असताना ते स्वतःला आवरत होते. तुमच्या पुढच्या चार मीटिंगमध्ये एवढंच बघा: कोण कोणावर विनोद करतंय, आणि कोण कधीच करत नाही. हे लिहून काढलंत तर टीममधली सत्तेची उतरंड तुम्हाला कुठल्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट दिसेल.

"पण सगळे हसले ना," असं मला जवळजवळ प्रत्येक लीड सांगतो. हशावर विसंबू नका. रॉबर्ट प्रोव्हाइन या मेंदूशास्त्रज्ञाने लोकांचं रोजचं हसणं सार्वजनिक जागी जाऊन टिपलं. बहुतेक हसू विनोदानंतर आलंच नव्हतं, "बरं, निघतो मी" अशा साध्या वाक्यांनंतर आलं होतं. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसत होता. आणि माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे 30 पट चारचौघांत हसतो, असं त्याच्या पाहणीत दिसलं. म्हणजे हसण्यातून माणूस मुख्यतः "मी तुमच्यात आहे" एवढंच सांगत असतो. विनोद आवडला की नाही, हे त्यावरून कळत नाही. साहेबाच्या विनोदावर हसताना तर त्यात भीडही मिसळलेली असते. 2024 साली व्यवस्थापनशास्त्राच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात आलेल्या संशोधनात, वरिष्ठ जितके जास्त विनोद करतात तितकं कर्मचाऱ्यांना खोटं हसावं लागतं आणि त्या खोट्या हसण्याने ती माणसं थकतात, असं आढळलं. जिथे अधिकाराचा दबदबा मोठा, तिथे हे जास्त. त्यामुळे तुमचे विनोद आता संख्येनेही कमी झाले तर चांगलंच आहे.

आता त्या सहकाऱ्याकडे वळू. त्याला एकट्याला भेटा, चारचौघांत नको, आणि मेसेजवर तर नकोच. म्हणा, "त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुझ्या उशिरा येण्यावर बोललो. तसं बोलायला नको होतं. पुन्हा नाही बोलणार." इथे थांबा. "तुला वाईट वाटलं असेल तर" ही पुस्ती जोडू नका, कारण त्यामुळे चूक त्याच्या हळवेपणाची ठरते. "अरे, गंमत केली" हेही नको. गंमत होती हे त्याला माहीत आहे, दुखणं त्याचंच आहे. तो "छे छे, त्यात काय" म्हणेल. म्हणू द्या, त्याला कबुली द्यायला लावू नका. दोन-चार दिवसांत त्याचं बोलणं मोकळं झालं नाही तरी पुन्हापुन्हा विषय काढू नका. विश्वास तुमच्या पुढच्या वागण्यावरून परत येईल.

त्याच बैठकीत उशिराचा विषय काढायचा नाही. तो वेगळा, आणि खरं तर मुख्य विषय तोच होता. तुम्हाला त्याच्या उशिरा येण्याचा राग होता, तो सरळ सांगायला जड गेला, म्हणून तुम्ही तो विनोदात गुंडाळून फेकलात. हे मी इतक्या टीममध्ये पाहिलंय की कुठलाही लीड "मी आपलं गमतीत म्हटलं" म्हणाला की माझा पहिला प्रश्न असतो: "तक्रार कोणती होती?" टोमण्यातून काम सांगणं सोपं वाटतं, पण त्याने काम होत नाही. ऐकणाऱ्याला नेमकं काय बदलायचं ते कळत नाही, त्याला स्वतःची अडचण सांगायची जागा मिळत नाही, आणि बाकी सगळी टीम निकाल ऐकून मोकळी होते. त्याऐवजी खोलीत दोघंच असताना म्हणा, "मीटिंग 10 वाजता सुरू होते. गेल्या तिन्ही वेळा तू सव्वादहाला आलास. काही अडचण आहे का? वेळ पुढे न्यावी लागेल का?" कदाचित घरी कोणी आजारी असेल, कदाचित नुसताच आळस असेल. दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत, आणि टोमण्याने दोन्हींपैकी एकही हाती लागत नाही.

थट्टेची किंमत किती मोठी असू शकते, हे कळण्यासाठी एक प्रसंग सांगते. एका कंपनीच्या हिशेब विभागात पुरवठादारांची बिलं तपासणारा एक गृहस्थ होता. तो प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून बिल आणि खरेदीचा आदेश ताडून बघायचा. वेळ लागायचा. मॅनेजरने त्याचं नाव 'कासव' ठेवलं. मॅनेजर दुष्ट नव्हता, उलट लोकांना आवडणारा, दिलखुलास माणूस होता. "कासवाकडून सुटलं का बिल?" हे विभागातलं रोजचं वाक्य झालं. महिनाअखेरच्या प्रेझेंटेशनमध्ये त्याच्या कामाच्या पानावर कोणी तरी कासवाचं चित्र घातलं, टाळ्या पडल्या. पुढे त्यानेच टेबलावर एक छोटं काचेचं कासव आणून ठेवलं. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली, की त्याला हे आवडतं.

एका महिन्याच्या शेवटी एकाच पुरवठादाराला एकाच मालाचे पैसे दोनदा गेले. दोन्ही बिलांचा क्रमांक एकच होता, फक्त एकात मध्ये आडवी रेघ होती आणि दुसऱ्यात नव्हती, त्यामुळे संगणकाने ती वेगळी धरली. चौकशीला मी बसले होते. त्या गृहस्थाच्या कागदावर त्या क्रमांकाभोवती पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ होतं. त्याला आदल्या संध्याकाळीच शंका आली होती. विचारलं, तर बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, पैसे सोडायची वेळ संपत आली होती. थांबवा म्हटलं असतं तर परत तेच ऐकावं लागलं असतं." संगणकाच्या नजरेतून सुटलेली चूक पकडणारा विभागातला तो एकटाच माणूस होता, आणि थट्टेने त्याचंच तोंड बंद केलं होतं. टेबलावरचं काचेचं कासव म्हणजे त्याची संमती नव्हती. टाळता येत नाही म्हणून त्याने ते आधीच स्वतःवर ओढून घेतलं होतं. म्हणून सांगते, तुमच्या टीममध्ये कोणाला टोपणनाव असेल आणि ते त्याच्या कामाच्या पद्धतीवरून, शरीरावरून किंवा सवयीवरून पडलेलं असेल, तर उद्यापासून तुम्ही त्याला त्याच्या नावाने हाक मारा. घोषणा करायची गरज नाही. लीडने थांबवलं की महिन्याभरात बाकीचेही थांबतात.

इतकं वाचून वाटेल, की मग विनोद कशाला हवा? हवाच आहे. डोनाल्ड रॉय नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एका कारखान्यात मोजक्या कामगारांबरोबर ठोकळेबाज यंत्रकाम केलं, दिवसाला 12 तास, आठवड्याचे 6 दिवस. काम असं, की माणूस कंटाळ्यानेच खचावा. त्याला आधी सहकाऱ्यांची बडबड पोरकट वाटली. हळूहळू लक्षात आलं, की त्या पोरकटपणावरच दिवस तरतोय. रोज सकाळी एक कामगार दुसऱ्याच्या डब्यातलं केळं चोरायचा, ओरडून जाहीर करायचा आणि खाऊन टाकायचा. केळंवाला रोज चिडायचा, आणि रोज नवीन केळं घेऊन यायचा. 1959 साली छापून आलेल्या त्या लेखात रॉयने लिहिलेलं मला फार मोलाचं वाटतं, कारण विनोद कसा मोडतो तेही त्यात आहे. एका कामगाराचा व्याही प्राध्यापक होता, आणि त्या गोष्टीला त्या खोलीत मान होता. रॉयने गमतीने सांगितलं, की तो प्राध्यापक न्हाव्याचं काम शिकवणाऱ्या शाळेत शिकवताना दिसला. तो कामगार भयंकर दुखावला. खोलीतल्या गप्पा थांबल्या, केळं चोरणं थांबलं, आणि जवळपास दोन आठवडे सगळे आपापल्या यंत्राशी गप्प राहिले. रॉयला तेव्हा पुन्हा थकवा जाणवू लागला.

केळ्याची थट्टा रोज चालली आणि प्राध्यापकाची एकदाही चालली नाही, यात सगळं आलं. केळं दोघांच्या खेळातलं होतं, त्याच्या जाण्याने कोणाची पत जात नव्हती, आणि केळंवाला रोज मनसोक्त ओरडून घेत होता. प्राध्यापक व्याही हा त्या माणसाचा अभिमान होता. पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी 2010 साली मांडलेली उपपत्ती हेच वेगळ्या अंगाने सांगते: काही तरी मोडतंय असं वाटलं पाहिजे आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवीही वाटलं पाहिजे, तेव्हा हसू येतं. निरुपद्रवी कोणाला, हा प्रश्न लीडने स्वतःला विचारायचा. म्हणून ज्या गोष्टीवर माणसाची पत उभी आहे तिला हात लावू नका. कोणाचं शिक्षण, कोणाची मुलं, कोणी रात्र जागून केलेलं काम. प्रत्येकाची अशी एखादी जागा असते आणि ती ओळखायला वेळ लागतो. नवीन आलेल्या माणसावर पहिले काही आठवडे थट्टा करू नये, याचं कारण हेच.

मग कशावर हसायचं? सगळ्यांवर सारख्याच कोसळलेल्या गोष्टींवर. ऐन सादरीकरणात गोठलेला पडदा, तिसऱ्यांदा बदललेली डेडलाइन, कोणालाच न समजणारा फॉर्म, छपाईयंत्राचे नखरे. यात कोणी एकटा पडत नाही. रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली विनोदाच्या चार शैली सांगितल्या: माणसं जोडणारा, संकटात स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. पहिले दोन टीमसाठी चांगले. तिसऱ्याबद्दल वर बोलले. चौथ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नव्या लीडना कोणी तरी सल्ला दिलेला असतो, की स्वतःवर विनोद करा म्हणजे लोक जवळ येतात. लहानसहान गोष्टींवर करा, जरूर. तुमचं अक्षर, तुमची विसरलेली छत्री. पण "मला यातलं काही कळत नाही" हा विनोद, ज्या दिवशी टीमला तुमच्या निर्णयाची गरज आहे त्या दिवशी, करू नका. ज्यांचं पोट तुमच्या निर्णयावर अवलंबून आहे त्यांना त्यात गंमत दिसत नाही. आणि टीममधलं कोणी सतत स्वतःलाच हिणवून हशा मिळवत असेल, तर त्या हशात सामील होऊ नका. त्याच्या कामातली एखादी चांगली गोष्ट सरळ शब्दांत, सगळ्यांसमोर सांगा.

काही विषय मात्र पूर्ण बंद. जात, धर्म, वंश, लिंग, लैंगिक ओळख, शरीर, रंग, वय, अपंगत्व, आजार, मूल असणं-नसणं, लग्न होणं-मोडणं, उच्चार, पगार. "आमच्यात चालतं" हे कारण मी ऐकून घेत नाही. कोणाला चालतं हे ठरवणारे बहुधा तेच असतात, ज्यांच्यावर तो विनोद कधी होत नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड यांच्या प्रयोगांतून दिसलं, की एखाद्या गटाला हिणवणारा विनोद ऐकून निर्मळ माणूस अचानक द्वेष करू लागत नाही, पण ज्यांच्या मनात आधीच आकस आहे त्यांना तो वागण्यातून दाखवायला मुभा मिळते. तुमचा विनोद तुमच्यापुरता संपतो, त्याने दिलेली मुभा दुसरा कोणी तरी वापरतो. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 साली कामाच्या जगातील हिंसा आणि छळ याविषयीचा करार क्रमांक 190 मंजूर केला. त्यातल्या व्याख्येत हानी करण्याचा हेतू असलेलं वागणं येतं, तसंच ज्यामुळे हानी होते किंवा होण्याचा संभव आहे असं वागणंही येतं, आणि ते एकदाच घडलेलं असलं तरी पुरतं. "माझा हेतू तसा नव्हता" एवढ्याने सुटका होत नाही.

तुमच्यासमोर दुसऱ्या कोणी असा विनोद केला तर गप्प बसू नका. लीडचं मौन म्हणजे होकार. पण भाषण ठोकायचीही गरज नाही. "हे इथे नको" म्हणा आणि लगेच पुढच्या मुद्द्यावर जा. किंवा अगदी शांतपणे विचारा, "मला कळलं नाही, यात गंमत काय होती?" स्वतःचा विनोद समजावून सांगताना त्या माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकावं लागतं. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. ज्याच्यावर विनोद झाला त्याच्याकडे मात्र त्या क्षणी सगळ्यांसमोर कळवळून बघू नका, त्याला आणखी उघडं पाडल्यासारखं होतं. नंतर एकटा भेटला की दोन शब्द बोला.

लिहिताना जपा. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे, मेलवरून आणि बोलून, पाठवायला सांगितली. मेल पाठवणाऱ्यांना वाटत होतं, की वाचणारा सुमारे 78 टक्के वेळा बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात 56 टक्के वेळा ओळखलं, म्हणजे छापा-काटा करून जेवढं जमलं असतं त्याच्या जरासंच वर. लिहिताना आपला स्वर आपल्या कानात असतो, वाचणाऱ्याच्या नसतो. त्यामुळे चूक दाखवणारा मजकूर आणि विनोद एका मेसेजमध्ये कधीच एकत्र घालू नका, शेवटी हसरा चेहरा चिकटवला तरी. टीमच्या ग्रुपवर कोणाच्या चुकीचा स्क्रीनशॉट हसण्यासाठी टाकू नका. तो पुढे कुठे जाईल यावर तुमचा ताबा नसतो, आणि बोललेलं विरतं तसं लिहिलेलं विरत नाही.

वेळेबद्दल फार सांगायला नको, तुम्हाला ते कळत असणार. मूल्यमापनाची बैठक, वाईट बातमी, अपघात, कोणाचा राजीनामा, तिथे पहिला विनोद तुमचा नसावा. लोक स्वतःहून हसले तर हसू द्या. आपत्कालीन सेवेत, रुग्णालयात काम करणारी माणसं मरणावरही आपसात विनोद करतात आणि त्यावरच ती टिकतात. पण तो विनोद त्यांच्या खोलीतच राहतो, नातेवाइकांच्या कानावर जाऊ नये याची ती काळजी घेतात. एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही, म्हणून सांगते. 2014 साली नाले लेहमन-विलेनब्रॉक आणि जोसेफ अ‍ॅलन यांनी टीमच्या बैठकांची चित्रणं तपासली. विनोद आणि त्यावरचं हसू यांच्यामागून अडचण सोडवणारी, नवं सुचवणारी बोलणी येत होती, आणि अशा टीमचं कामही चांगलं होतं. पण हा फायदा दिसला तो जिथे नोकरीची धास्ती कमी होती तिथे. म्हणून कंपनीत कपातीची कुजबुज चालू असेल, तर वातावरण हलकं करायला खेळ आणि विनोद ठेवू नका. जेवढं सांगता येतं तेवढं खरं सांगा.

टीममधल्या स्त्रियांच्या विनोदाला जागा द्या, हेही मुद्दाम सांगते. 2019 साली छापलेल्या एका प्रयोगात एकाच संहितेवर, त्याच विनोदांसह, एका पुरुषाने आणि एका स्त्रीने व्यवस्थापक म्हणून सादरीकरण केलं. विनोदाने पुरुषाची पत वाढली, स्त्रीची घटली. तिच्याबाबतीत तोच विनोद कामातला अडथळा समजला गेला. तेव्हा मीटिंगमध्ये एखादी सहकारी मार्मिक बोलली आणि खोली थंड राहिली, तर तुम्हाला खरोखर हसू आलं असेल तर हसा, आणि तिचा मुद्दा पकडून पुढे न्या. आणि मूल्यमापनात तिच्याबद्दल "गंभीर नाही" असं लिहिण्याआधी, तेवढेच विनोद करणाऱ्या पुरुषाबद्दल तुम्ही काय लिहिलंय ते काढून बघा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वरिष्ठ क्लायंटसमोर तुमच्या ढबीची नक्कल करतात. वरची कसोटी इथेही लावा: तुम्ही त्यांची नक्कल क्लायंटसमोर करू शकता का? नाही. मग ही थट्टा नाही, आणि तुम्हाला ती खेळकरपणे घेण्याचं बंधन नाही. पहिली पायरी म्हणजे हसणं थांबवणं. रागाने बघायचं नाही, उलट टोमणा मारायचा नाही, फक्त हसायचं नाही, आणि क्लायंटकडे वळून कामाचं पुढचं वाक्य बोलायचं. तुमच्या हसण्यावर ती नक्कल चालते, ते काढून घेतलंत की पुष्कळदा ती तिथेच ढेपाळते.

तेवढ्याने थांबलं नाही तर एकट्यात भेटा आणि कामाच्या भाषेत सांगा. "साहेब, क्लायंटसमोर माझ्या बोलण्याची नक्कल झाली की पुढची चर्चा ते माझ्याशी करत नाहीत, तुमच्याकडे वळतात. काम मला सांभाळायचं आहे, त्यामुळे हे थांबलं तर बरं होईल." भावना दुखावल्या हे सांगण्यात गैर काहीच नाही, पण बरेच वरिष्ठ तिथे "फारच मनावर घेतोस" म्हणून सुटतात. कामाचं नुकसान दाखवलंत की त्यांना उत्तर द्यावं लागतं. ज्याला खरंच कळलं नव्हतं, तो ओशाळतो आणि थांबतो. असे वरिष्ठ मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून ही पायरी वगळून थेट तक्रार करू नका, त्यांना एक संधी द्या.

त्यानंतरही चालूच राहिलं, तर नोंद ठेवायला लागा. तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं, आणि त्यानंतर कामात काय घडलं. त्याच दिवशी लिहा, कंपनीच्या संगणकावर नको, स्वतःच्या वहीत. तीन-चार नोंदी झाल्या की मनुष्यबळ विभागाकडे किंवा तक्रार समितीकडे जा, आणि तोंडी सांगून परत येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. आम्हा लोकांसमोर "ते नेहमी माझी टर उडवतात" असं आलं की चौकशी कुठून सुरू करायची हेच कळत नाही. तेच तारीखवार, शब्दांसकट आलं की आम्हाला संबंधितांना बोलवावंच लागतं. ज्या सहकाऱ्याने ते ऐकलंय, त्याला आधी विचारा, की साक्ष द्यायची तयारी आहे का. तो कचरला तर त्याच्यावर रागावू नका आणि त्याचं नाव परस्पर घालू नका. हजर असलेल्यांची यादी तुमच्या वहीत आहेच, त्यांना विचारणं हे आमचं काम.